सिंथेटिक दोर आणि विंचचा फेअरलीड : निवड, जोडणी आणि देखभाल

रुतलेली गाडी विंचने बाहेर काढताना सर्वांचे लक्ष मोटरकडे, दोराच्या जाडीकडे आणि टोकाच्या हुकाकडे असते. दोर ज्या तोंडातून बाहेर पडतो, त्या बंपरवरील धातूच्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही. हा भाग म्हणजे फेअरलीड. ड्रमवरून सुटणाऱ्या दोराला दिशा देणे, तो बंपरच्या धारदार कडेवर घासू न देणे आणि गाडी तिरकी उभी असतानाही त्याला कमीत कमी इजा होऊ देणे, एवढेच त्याचे काम. परंतु दोरावर हजारो किलोंचा ताण असतो, तेव्हा हे साधे काम माणसांच्या सुरक्षिततेशी येऊन भिडते.

आखातात राहून सुटीच्या दिवशी लिवाच्या वाळवंटात किंवा हजर पर्वतातील वाद्यांमध्ये गाडी नेणारे मराठी लोक आता थोडे नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी जुना पोलादी तारदोर काढून सिंथेटिक दोर बसवला आहे. हा बदल योग्यच आहे. मात्र पुष्कळ गाड्यांवर दोर नवा आणि फेअरलीड जुनाच, अशी स्थिती दिसते. दोर आणि फेअरलीड ही जोडी आहे आणि एक बदलताना दुसऱ्याची तपासणी अपरिहार्य आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

शब्द आणि संकल्पना

फेअरलीड हा मूळचा जहाजावरचा शब्द. शिडांच्या आणि नांगराच्या दोरांना अडथळा न येता वाट मिळावी म्हणून डेकवर जी कडी, खाच किंवा चाके बसवीत, त्यांना हे नाव होते. कल्पना आपल्यालाही नवी नाही. मोटेचा नाडा ज्या चाकावरून फिरे, ते चाक हेच काम करीत असे. जिथे चाक नव्हते, तिथे विहिरीच्या काठाच्या दगडाला दोराने पाडलेल्या खाचा आजही पाहायला मिळतात. दोर दगड झिजवतो आणि दगड दोर झिजवतो. विंचच्या बाबतीत नेमका हाच परस्परसंबंध समजून घ्यायचा आहे.

दोन प्रकार

गाड्यांवर प्रामुख्याने दोन प्रकारचे फेअरलीड आढळतात. पहिला रोलर फेअरलीड. त्यात दोन उभे आणि दोन आडवे असे चार पोलादी रोलर चौकटीत बसवलेले असतात. दोर ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूचा रोलर फिरतो आणि घर्षण कमी होते. पोलादी तारदोरासाठी हीच रचना उचित आहे, कारण तार कठीण असते आणि स्थिर कडेवरून ओढल्यास ती त्या कडेलाच कापत जाते.

दुसरा हॉज फेअरलीड. हा एकसंध तुकडा असतो. मध्यभागी लांबट तोंड आणि तोंडाच्या सर्व कडा बाहेरच्या बाजूस गोलाकार वळवलेल्या. त्यात फिरणारा एकही भाग नाही. दोर या गुळगुळीत ओठांवरून सरकतो. सिंथेटिक दोरासाठी बहुधा ॲल्युमिनियमचा हॉज वापरतात. स्टेनलेस स्टीलचे हॉजही मिळतात.

सिंथेटिक दोरासाठी हॉजला पसंती मिळण्याची कारणे स्पष्ट आहेत. रोलर फेअरलीडच्या कोपऱ्यात उभा आणि आडवा रोलर जिथे जवळ येतात, तिथे फट असते. तिरक्या ओढीत मऊ दोर दाबला जाऊन या फटीत शिरू शकतो आणि चिरडला जातो. हॉजला कोपऱ्याची फट नसते. शिवाय हॉज वजनाने बराच हलका असतो आणि बंपरच्या पुढे कमी येतो. त्यामुळे चढावर गाडीचे नाक आधी टेकण्याचा धोकाही कमी होतो.

दोराचा स्वभाव

विंचच्या सिंथेटिक दोरांत वापरला जाणारा धागा बहुतेकदा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो. 1979 च्या सुमारास नेदरलँड्समधील डीएसएम या कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्त्रा यांनी हा धागा जेलच्या अवस्थेतून ओढून काढण्याची प्रक्रिया विकसित केली. पुढे तो डायनीमा या नावाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेत त्याच जातीचा धागा स्पेक्ट्रा या नावाने आला. विंचचा दोर सामान्यतः अशा धाग्यांच्या बारा पदरांच्या पोकळ विणीचा असतो.

साडेनऊ मिलिमीटर जाडीचा विंचचा पोलादी तारदोर साधारण साडेसहा टनांना तुटतो. त्याच जाडीचा चांगल्या प्रतीचा सिंथेटिक दोर आठ टनांपर्यंत किंवा त्याहून अधिक ताण घेतो. 30 मीटर लांबीच्या अशा तारदोराचे वजन 11 किलोंच्या आसपास भरते, तर सिंथेटिक दोराचे दोन किलोंच्याही आत. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असल्याने तो पाण्यावर तरंगतो. तारदोराची तुटकी टोके हाताला बोचतात, तसे इथे होत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने वजनातील हा फरक निर्णायक ठरतो. तुटलेला तारदोर चाबकासारखा उलटतो आणि त्याच्या वजनामुळे तो प्राणघातक होऊ शकतो. सिंथेटिक दोर हलका असल्याने त्याचा उलटा झटका पुष्कळ सौम्य असतो. पण तो शून्य नसतो. दोराच्या टोकाला पोलादी हुक किंवा शॅकल असेल, तर ते वजन दोराबरोबर उडू शकते. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे न राहणे आणि दोरावर जाड कापड किंवा वजनाची पिशवी टाकणे, हे नियम इथेही तसेच लागू आहेत.

या दोराच्या दुर्बलता तीन: धारदार कडा, वाळूचे कण आणि उष्णता. फेअरलीडचा या तिन्हींशी थेट संबंध येतो.

पोलादाच्या वाटेवरून मऊ दोर नेऊ नये

तारदोर वर्षानुवर्षे रोलरवरून फिरला, की रोलरच्या पृष्ठभागावर बारीक खाचा पडतात आणि खाचांच्या काठांवर धातूची कुसळे उभी राहतात. तारदोराला त्यांचा त्रास होत नाही. सिंथेटिक दोराचे धागे मात्र प्रत्येक ओढीत या कुसळांवर थोडेथोडे कापले जातात. दोर वरवर केसाळ दिसू लागतो आणि एखाद्या दिवशी त्याच्या लिखित क्षमतेच्या बऱ्याच आधी तुटतो.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. ॲल्युमिनियमच्या हॉजमधून तारदोर ओढला, तर मऊ धातूत खोल चर पडतो. त्यानंतर त्या हॉजमधून सिंथेटिक दोर नेणे धोक्याचेच. नोकरी संपवून परतणाऱ्यांच्या गाड्या आखातात हातोहात विकल्या जातात आणि त्यांवर विंच आधीच बसवलेली असते. अशी गाडी घेताना आजचा दोर कोणता एवढेच पाहून थांबू नये. पूर्वी कोणता दोर होता, हेही फेअरलीडच्या खुणांवरून वाचावे.

तपासणीसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा घ्यावा आणि फेअरलीडच्या ओठांवरून, रोलरवरून तसेच ड्रमच्या पृष्ठभागावरून हळू फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकतील, तिथे दोराचेही अडकतील. किरकोळ खरखर बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येते, आणि घासताना हात दोर सरकतो त्याच दिशेने चालवावा. नखाला खाच जाणवत असेल तर मात्र तो भाग बदलणेच श्रेयस्कर.

मग रोलर फेअरलीडवर सिंथेटिक दोर कधीच चालत नाही का? चालतो, पण अटींवर. रोलर नवे असावेत, त्यांना तारदोराचा स्पर्श झालेला नसावा, ते मोकळे फिरत असावेत आणि कोपऱ्यातील फट दोराच्या जाडीच्या मानाने अगदी कमी असावी. वारंवार तिरकी ओढ घ्यावी लागणाऱ्यांना रोलरचा एक लाभ निश्चित मिळतो. तो म्हणजे कमी घर्षण. हा लाभ किती, ते पुढील हिशेबावरून कळेल.

कोन, घर्षण आणि उष्णता

दोर स्थिर, गोलाकार पृष्ठभागावरून वळतो तेव्हा दोन बाजूंच्या ताणांत फरक पडतो. हा फरक घर्षणावर आणि वळणाच्या कोनावर अवलंबून असतो. दोर आणि गुळगुळीत ॲल्युमिनियम यांमधील घर्षणांक 0.1 धरू. विंच 4,000 किलोंच्या ताणाने ओढत असेल आणि दोर हॉजवर 45 अंशांनी वळत असेल, तर पलीकडच्या बाजूला सुमारे 3,700 किलो उरतात. वळण 90 अंशांचे झाले, तर सुमारे 3,400. घर्षणांक तोच राहिला तर ओठांची गोलाई वाढवून हा तोटा कमी होत नाही. तो कोनानेच ठरतो. दोरात वाळू बसली, की घर्षण वाढते आणि तोटाही वाढतो.

फेअरलीडच्या बोल्टवर येणारा भार अधिक विचार करायला लावणारा आहे. घर्षण बाजूला ठेवले, तर 45 अंशांच्या वळणात फेअरलीडवर दोराच्या ताणाच्या जवळपास 77 टक्के, म्हणजे 4,000 किलोंच्या ओढीत 3,000 किलोंहून थोडा अधिक भार येतो. 90 अंशांच्या वळणात तो ताणाच्या 1.41 पट होतो, म्हणजे 5,600 किलोंच्या वर. रोलरच्या बारीक पिना वाकतात त्या अशाच वेळी. म्हणून फेअरलीड कोणताही असो, ओढ शक्य तितकी सरळ घ्यावी. ते जमत नसेल, तर कप्पी लावून दोराची दिशा बदलावी आणि तिरका भार कप्पीच्या आधारावर सोपवावा.

उष्णतेविषयी बराच गैरसमज आहे. वरील 45 अंशांच्या उदाहरणात दोर मिनिटाला दोन मीटर या गतीने आत येत असेल, तर फेअरलीडवर सुमारे 100 वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी. ॲल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा दसपटीहून अधिक सहज वाहून नेते. त्यामुळे ती एका जागी साचत नाही. थोडक्या ओढीत फेअरलीडच्या उष्णतेने दोर वितळेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरा धोका ड्रमच्या आत असतो. पुष्कळ विद्युत विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोकळीत बसवलेला असतो. उतारावर गाडी दोराच्या आधाराने खाली सोडताना सारी ऊर्जा या ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने निघते. 2,000 किलोंचा भार मिनिटाला तीन मीटर गतीने सोडला, तर हे प्रमाण सुमारे एक किलोवॅट होते, म्हणजे ड्रमच्या आत एक विजेची इस्त्री चालू ठेवल्यासारखे. हा धागा सुमारे 145 ते 150 अंश सेल्सियसला वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी त्याची ताकद घटू लागते. दीर्घ वापरासाठी 65 ते 70 अंश ही वरची मर्यादा मानली जाते. म्हणूनच अनेक दोरांच्या ड्रमकडील टोकावर उष्णतारोधक आवरण घातलेले असते. ते काढून टाकू नये, आणि भारासह दोर सोडण्याचे काम थांबतथांबत करावे.

आखातातील उन्हाळ्यात भर दुपारी उभ्या असलेल्या गाडीच्या काळ्या बंपरला हात लावणे कठीण असते. म्हणजे दोराची सुरुवातच त्या मर्यादेच्या जवळून होते. विंच वापरात नसताना ड्रमवर आणि फेअरलीडबाहेरच्या दोरावर आच्छादन असणे हे इथे केवळ शोभेचे राहत नाही. ऊन आणि अतिनील किरण या दोहोंपासून ते दोराचे रक्षण करते.

गोलाई, जाडी आणि पृष्ठभाग

दोर जितक्या लहान वर्तुळावर वाकतो, तितके त्याचे बाहेरचे धागे जास्त ताणले जातात आणि प्रत्यक्ष क्षमता घटते. या जातीच्या दोरासाठी वळणाचा व्यास दोराच्या जाडीच्या आठपट असणे चांगले मानतात. 10 मिलिमीटरच्या दोरासाठी हा व्यास 80 मिलिमीटर होतो. 25 मिलिमीटर जाडीच्या हॉजच्या ओठाची त्रिज्या साधारणपणे 25 मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे व्यास 50, आणि गुणोत्तर पाचपट. 38 मिलिमीटर जाडीच्या हॉजमध्ये ते साडेसात पटींच्या आसपास पोहोचते. ज्यांना तिरकी ओढ नेहमी घ्यावी लागते, त्यांनी म्हणूनच जाड हॉज घ्यावा. खरेदी करताना कोरलेल्या नावापेक्षा आणि रंगापेक्षा ओठांची गोलाई पाहावी.

पृष्ठभागाचे दोन प्रकार लक्षात घेण्यासारखे आहेत. रंगाचा भुकटीलेप दिसायला छान असतो, पण दोर जिथे घासतो तिथे तो निघू लागतो आणि त्याच्या कपच्यांच्या कडा दोराला लागतात. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. वाळवंटातील वाळूत क्वार्ट्‌झ भरपूर असते आणि ते साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असते. ॲल्युमिनियम ऑक्साइड क्वार्ट्‌झपेक्षाही कठीण आहे. म्हणून वाळूच्या प्रदेशात चांगला ॲनोडाइज केलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा हॉज अधिक काळ गुळगुळीत राहतो. ॲनोडाइजचा थर पातळ असल्यामुळे असा हॉज घासून दुरुस्त करताना तो निघून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

जोडणी

साधारण 8,000 ते 12,000 पौंड क्षमतेच्या विंचसाठी फेअरलीडच्या दोन बोल्टछिद्रांतील मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर बहुधा 10 इंच, म्हणजे 254 मिलिमीटर असते. चारचाकी मोटरसायकलींवरील लहान विंचसाठी ते साधारण 124 मिलिमीटर असते. खरेदीपूर्वी हे अंतर मोजून घ्यावे.

जोडणीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते फेअरलीडच्या मागच्या बाजूकडे. बंपरच्या पत्र्याला कापलेले तोंड फेअरलीडच्या तोंडापेक्षा मोठे असले पाहिजे. ते लहान असेल, तर ड्रमच्या टोकाकडून तिरका येणारा दोर फेअरलीडपर्यंत पोहोचण्याआधीच पत्र्याच्या कापीव कडेवर घासतो. समोरून सारे काही निर्दोष दिसते, त्यामुळे ही चूक दोर तुटेपर्यंत लक्षात येत नाही. हॉजच्या आतल्या कडाही बाहेरच्यांइतक्याच गोलाकार आहेत ना, हे बोट फिरवून पाहावे. नंबरप्लेटची पट्टी फेअरलीडच्या बोल्टवर बसवली असेल, तर ती दोराच्या वाटेत येता कामा नये.

सिंथेटिक दोर निसरडा असल्यामुळे ड्रमवर आठ ते दहा वेढे नेहमी शिल्लक ठेवावेत. पहिला थर थोडा भार लावून घट्ट गुंडाळावा. तो सैल राहिला, तर मोठ्या ओढीत वरचा वेढा खालच्यांत घुसतो. दोर गुंडाळून झाल्यावर हुक फेअरलीडवर जोराने आवळून ठेवू नये. मोटरचा एक क्षणाचा जादा दाबही दोर तोडू शकतो किंवा हॉजच्या ओठाला खोच पाडू शकतो. मध्ये रबरी अडसर असावा. दगडावर दोर घासू नये म्हणून वापरायचे सरकते आवरण दोर आत घेताना फेअरलीडच्या तोंडात अडकणार नाही, याकडेही लक्ष असू द्यावे.

वाळू, मीठ आणि देखभाल

वाळूचे कण विणीत शिरतात आणि ताण आला की आतून धाग्यांना घासतात. तोच दोर मग हॉजलाही पॉलिश पेपरसारखा घासतो. म्हणून वाळवंटातील प्रत्येक वापरानंतर दोर पूर्ण उलगडून सौम्य साबणाच्या गोड्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. फेअरलीडही त्याच वेळी धुवावा आणि कापसाची परीक्षा पुन्हा घ्यावी. रोलर असतील, तर त्यांच्या पिनांमध्ये साचलेली वाळू काढावी. न फिरणारा रोलर हा स्थिर कडेसारखाच असतो.

सबखा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाऱ्या दलदलीत गाडी रुतली असेल, तर प्रश्न वाळूपेक्षा मिठाचा होतो. ॲल्युमिनियमचा हॉज आणि पोलादी बोल्ट यांच्यात खारे पाणी आले, की ॲल्युमिनियम गंजू लागते. बोल्ट बसवताना ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि वर्षातून एकदा ते काढून पाहावेत.

दोराची पाहणी करताना वरचा हलका केसाळपणा नैसर्गिक समजावा. त्याने आतील धाग्यांना थोडे संरक्षणच मिळते. मात्र एखादा पदर तुटलेला असेल, काही भाग कडक आणि चकचकीत झाला असेल किंवा दोर एका जागी चपटा पडला असेल, तर तेवढा तुकडा कापून दोर पुन्हा गुंफून घ्यावा. अशी खूण दरवेळी दोराच्या एकाच टप्प्यावर दिसत असेल, तर कारण दोरात शोधू नये. ताणाच्या वेळी तो टप्पा जिथे येतो ती जागा शोधावी. ती बहुधा फेअरलीडच्या ओठावर, त्याच्या मागच्या पत्र्यावर किंवा ड्रमच्या कडेवर सापडते, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय बसवलेला नवा दोर त्याच जागी पुन्हा तुटतो.